मधलीचा नकाशा

३ सप्टेंबर, सोमवार

संस्थेने मला दिलेल्या पांढऱ्या कोटाला बटणं पाच आणि काजं सहा आहेत. ही बाब क्षुल्लक वाटणाऱ्यांनी एकदा असा कोट घालून चारचौघांत उभं राहून दाखवावं. वरून लावत आलो तर तळाचं काज उपाशी राहतं, खालून लावत गेलो तर गळ्याशी एक पोकळी उरते. भांडारात जाऊन रीतसर तक्रार केली. भांडारवाल्याने कोट उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, काका, जास्तच दिलंय की, कमी कुठे आहे. या युक्तिवादाला अख्ख्या न्यायशास्त्रात मला उत्तर सापडलं नाही.

एरवी दिवस फार चांगला गेला. आमच्या महाविद्यालयात संस्कृतच्या विद्यार्थ्यांपेक्षा कपाटं जास्त झाली, तेव्हा त्यांनी विभाग बंद केला आणि कपाटं ठेवून घेतली. या वयात नवीन गावी नवीन नोकरी मिळेल असं वाटलं नव्हतं. इथे माकडांच्या मेंदूचा संगणकावरचा नकाशा बनतो. त्यातल्या प्रत्येक भागाला आपल्या भाषेतलं नाव हवं, म्हणजे शाळा-कॉलेजातल्या मुलांनाही तो वाचता येईल. ते नाव ठेवायचं काम माझं. आयुष्यभर लोकांना नावं ठेवत आलात, आता पगार घेऊन ठेवा, असं बायको म्हणाली.

तिलाही इथे चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम मिळालं आहे. तिसऱ्या मजल्यावरचं घर, दोन खोल्या, स्वयंपाकघराच्या खिडकीतून संस्थेची मागची भिंत दिसते. खोके अजून उघडायचे आहेत. मी उघडीन असं म्हणालो. तिने तिच्या सवयीने सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि कात्री स्वतःच्या हातात घेतली.

५ सप्टेंबर, बुधवार

कामाची पद्धत आज नीट कळली. समजावणारा तिशीतला गणिती आहे, त्याला सगळे शिंपी म्हणतात. माकड मेलं की त्याच्या मेंदूचं स्कॅन होतं, मग तो गोठवून त्याचे कागदाहून पातळ काप काढतात, रंगवतात, त्यांचे फोटो काढतात. ते काप संगणकात पुन्हा एकमेकांना जोडायचे, हे शिंप्याचं शिवणकाम.

पण खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक माकडाचा मेंदू थोडा वेगळा. मग नकाशा कुणाचा काढायचा? तर सगळ्यांचा. प्रत्येक मेंदू संगणकात हळूहळू ताणून, दाबून दुसऱ्यांवर बसवतात आणि सगळ्यांची सरासरी काढतात. मग प्रत्येकाला त्या सरासरीवर बसवायचं, पुन्हा सरासरी काढायची, असं ती हलायची थांबेपर्यंत. जी उरते तिला इथे सगळे 'मधली' म्हणतात. ती सगळ्यांसारखी आहे आणि कुणीच नाही. ती जन्मली नाही, मेली नाही, तिला कुणी कधी केळं दिलं नाही. मी म्हटलं, हे तर निर्गुणाचं वर्णन झालं. शिंपी म्हणाला, गुण आहेत हो काका, फक्त सरासरी आहेत.

दुपारी स्कॅनरवाल्याने मला धरलं. यंत्राचा नवा भाग तपासायचा होता आणि न हलता पडून राहणारं कुणीतरी हवं होतं. संस्कृतची माणसं स्थिर असतात अशी त्याची समजूत. पाऊण तास त्या नळकांड्यात ठकठक ऐकत पडलो. प्राण्याचा क्रमांक घातल्याशिवाय ते यंत्र सुरूच होत नाही, म्हणून त्याने पुढचा रिकामा क्रमांक टाकला आणि मला मोकळा केला. रुजू झाल्यावर तिसऱ्या दिवशी माकडांत बढती मिळालेला माणूस माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

१२ सप्टेंबर, बुधवार

नावं ठेवण्यात मजा येते आहे. मेंदूत बदामाएवढा, बदामासारखा एक भाग आहे. भीती तिथे राहते म्हणे. मी त्याचं नाव 'बदामिका' ठेवलं. आमच्या प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात, त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. भीतीच्या घराला इतकं गोड नाव कशाला, म्हणाल्या. मी म्हटलं, घर आधी बांधलं, भाडेकरू नंतर आला. नाव मंजूर झालं.

बाईंच्या आग्रहावरून प्राणिगृह पाहून आलो. ज्यांना नावं ठेवायची त्यांना भेटावं तरी, असं त्यांचं म्हणणं. तिथलं सगळं मावशी बघते. ती आधी स्वतःच्या घरच्यांवर ओरडून येते आणि मग माकडांशी प्रेमाने बोलते, असं शिंपी सांगतो. तिने दारातच नियम सांगितले. डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत, दात काढून हसायचं नाही. माकडं त्याला भांडण समजतात. मी म्हटलं, आमच्या घरी उलट आहे, डोळे चुकवले की भांडण.

अनोळखी माणूस आला की माकडं पिंजरे हलवून गोंधळ घालतात म्हणे. मला पाहून सगळी गप्प बसली. मावशी म्हणाली, तुमच्यात काही दम दिसला नसेल.

२१ सप्टेंबर, शुक्रवार

आज संस्थेत पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले. नवी सरासरी निघाली. आधीची मधली धुक्यातून पाहिल्यासारखी होती, ही इतकी स्पष्ट आहे की वळ्यांच्या कडासुद्धा दिसतात. बाई बराच वेळ पडद्यासमोर उभ्या होत्या. मग शिंप्याच्या पाठीवर थाप मारली, जी त्यांनी आजवर कुणाला मारली नव्हती.

सीमा आखणारी मुलगी नोकरी सोडून गेल्यामुळे ते कामही माझ्या गळ्यात पडलं. पडद्यावरच्या कापावर कलमाने एकेका भागाची कड आखायची. मला बदामिका दिली. अक्षर चांगलं म्हणून हातही चांगला असेल, हा बाईंचा तर्क. मी आखलेली कड शिंप्याने बाईंच्या जुन्या कडेशी ताडून पाहिली. माझी जास्त बरोबर निघाली. तो म्हणाला, काका, पुस्तक तरी उघडलंत का? नव्हतं उघडलं. फुशारकी म्हणून लिहीत नाही, पण आखताना मी पडद्याकडेही फारसं बघत नव्हतो. पायाखालची वाट असावी तसा हात वळत होता.

घरी सांगितलं. बायको म्हणाली, भीतीचं घर तुम्हाला पाठ असणारच, लग्नाला इतकी वर्षं झाली.

१ ऑक्टोबर, सोमवार

एक विनोदी प्रकार. जेवताना बायकोने विचारलं, गालात काय साठवताय, दुष्काळ येणार आहे का? मी घास गिळतच नव्हतो. दोन्ही गालांत भरून ठेवला होता आणि पाठ भिंतीला लावून बसलो होतो. आम्ही दोघंही खूप हसलो. तिचे दात दिसले तसं माझं हसू थांबलं. का ते कळलं नाही.

दुपारी शेजारच्यांनी दाराची कडी काढली. लोखंडाचा साधा आवाज. माझ्या मानेवरचा प्रत्येक केस उभा राहिला.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

सीमांची एक शंका होती, ती निमित्त करून प्राणिगृहात गेलो. खरं कारण म्हणजे जावंसं वाटलं.

मी आत गेलो आणि सगळ्या पिंजऱ्यांतली माकडं एकेक करून गजांपाशी आली, वळली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. माना खाली. सगळी ओळीने. मावशीच्या हातातली बादली तशीच राहिली. ती म्हणाली, असं ती आपल्यातल्याच मोठ्या जनावरापुढे बसतात, पाठीवरचे केस साफ करून घ्यायला. माणसापुढे नाही बसत. मग ती जरा रागानेच म्हणाली की मी इतकी वर्षं खायला घालते, माझ्यापुढे एकही बसलं नाही.

मी थट्टेत काहीतरी बोलून वेळ मारून नेली. माझी बोटं कोटाच्या खिशात हलत होती. केस बाजूला करावेत, उवा शोधाव्यात, तशी. ती थांबवायला मला जोर लावावा लागला.

९ ऑक्टोबर, मंगळवार

बायको चहा घेऊन समोर आली, नेहमीसारखी, डोळ्यांत बघत. मी खुर्चीसकट मागे पडलो. तिने उठवायला हात पुढे केला तर टेबलाखाली गेलो. तिथून मला तिचे पाय आणि सांडलेला चहा दिसत होता. टेबलाखालून मी संस्कृतात क्षमा मागितली, म्हणजे तिला थट्टा वाटावी. तिला वाटली नाही.

संध्याकाळी तिने दुकानात नेऊन माझे डोळे तपासले. माझी हनुवटी यंत्रावर टेकवून ती पलीकडून भिंगातून बघत होती आणि मी दोन्ही हातांनी स्टूल धरून ठेवलं होतं. डोळे ठीक आहेत म्हणाली. मग दिवा बंद करत म्हणाली, कितीतरी दिवस तुम्ही माझ्याकडे बघितलेलं नाही, माझं काही चुकलं असेल तर सांगा.

काय सांगू? या बाईच्या डोळ्यांत बघत मी उमेदीची सगळी वर्षं काढली. बाप गेला तेव्हा, नोकरी गेली तेव्हा, तिथेच बघत होतो.

१५ ऑक्टोबर, सोमवार

शिंपी आज हसत हसत आला आणि माझ्या टेबलाच्या कडेवर बसला. म्हणाला, काका, एक गंमत सांगतो, बाईंना सांगू नका. मधली इतकी स्पष्ट कशी निघाली ते त्याला सापडलं होतं. स्कॅनरवाल्याने त्या दिवशी प्राण्याचा क्रमांक टाकला. शिंप्याची व्यवस्था क्रमांक असलेलं सगळं उचलते, सगळ्यांना एका मापाचं करते आणि बसवते. माझं मोठं डोकं लहान करून तिने माकडांवर बसवलं होतं. इतकं बारीक तपशिलाचं स्कॅन दुसऱ्या कुणाचंच नाही, म्हणून सगळ्या कडा उजळल्या. फेऱ्यांमागून फेऱ्या, मला त्यांच्यावर आणि त्यांना माझ्यावर.

मी विचारलं, बसवताना कोण कुणाकडे जातं? तो म्हणाला, दोन्हीकडून रस्ता ठेवावाच लागतो काका, जाण्याचा आणि परतीचा. नाहीतर नकाशा काय कामाचा?

मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसू गेलं.

परकायाप्रवेशावर मी पूर्वी वर्गात रंगून बोलत असे. दुसऱ्याच्या शरीरात शिरणाऱ्या योग्याबद्दल पुष्कळ लिहिलेलं आहे. ज्याच्यात न विचारता शिरले त्याचं काय, हे विचारायचं एकाही विद्यार्थ्याला सुचलं नाही. मलाही नाही.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

शेवटी बाईंकडे मीच गेलो. मला त्यातून काढा म्हणालो. त्यांनी शांतपणे ऐकलं. पुढच्या गुरुवारी मधली सगळ्यांसाठी खुली होणार आहे. जगभरच्या प्रयोगशाळा ती उतरवून घेतील आणि आपापली माकडं तिच्यावर बसवतील. आता थांबवणं शक्य नाही, पुढच्या आवृत्तीत काढू, असं त्या म्हणाल्या. मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, काका, तुमचा हिस्सा त्यात इतका थोडा आहे की तेवढं माकड प्रत्येक माणसात असतंच. आणि तेवढा माणूस तिच्यात असला तर तिचं काय बिघडलं?

त्या वाईट नाहीत. हे बोलताना त्या माझ्या डोळ्यांत बघत होत्या. मी छताकडे बघत होतो.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

शिंप्याला राहवलं नाही. बाई जेवायला गेल्या तेव्हा त्याने मला वगळून सगळं पुन्हा चालवलं. मी तेव्हा घरी होतो, सुट्टी घेतली होती. बायको दुकानातून जेवायला आली तेव्हा मी कपाटावर बसलेलो होतो. कपाटावर. कसा चढलो आठवत नाही. तिच्याकडे बघून मी आवाज काढत होतो, असं ती सांगते. कसला आवाज ते सांगत नाही.

शिंप्याचा फोन आला. आवाज उतरलेला. मला काढल्यावर मधली थांबतच नाही म्हणाला. एकेक फेरी करतो आणि ती पुन्हा सरकते. काका, ती थरथरते तुमच्याशिवाय.

त्याने मला परत आत घातलं. मग मी खाली उतरलो.

२२ ऑक्टोबर, सोमवार

आता आतली माकडं वेगवेगळी ओळखू येतात. एक म्हातारी, उजवा हात आखडलेला. एक जिला पिल्लू होतं आणि नेलं. एक फार लहान. प्रत्येकाकडे तेच शेवटचं आहे. कडीचा आवाज, जाड हातमोजा, मांडीत सुई. त्यापुढे काही नाही. पुढे आहे हे त्यांना ठाऊकच नाही. ती मेली आहेत हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. सगळी त्या एका जागी थांबली आहेत, दार पुन्हा कधी उघडतं याची वाट बघत.

मी सांगायचा प्रयत्न केला. भाषा नाही. माझ्याकडे एवढे शब्द, आणि एकही चालत नाही.

आणि उघडणारा जो असतो तो समोरून येतो. डोळ्यांत बघतो. त्याचं काय करायचं ते त्यांनी आता ठरवलं आहे. पूर्वी एकेकटी होती. आता सगळी मिळून आहेत. आणि मी मोठा.

२४ ऑक्टोबर, बुधवार

बायकोला चावलो.

मागून येऊन तिने माझ्या मानेवर हात ठेवला होता. नेहमी ठेवते. अंगठ्याच्या खाली, खोल. टाके पडले. डॉक्टरांना कुत्रा चावला सांगितलं, असं घरी येऊन म्हणाली. आणि हसली. तोंड मिटून हसली. दात दिसू नयेत म्हणून. तिला कळलं आहे.

बहिणीकडे जा म्हणालो. नाही म्हणाली. अहो, इतक्या वर्षांत मी घाबरले नाही तुम्हाला, आता काय घाबरायचं, म्हणाली.

मला तिच्या हाताची चव आठवते. वाईट वाटलं पाहिजे. वाटलं. पण आधी दुसरंच काहीतरी वाटलं. बरं वाटलं.

२५ ऑक्टोबर, गुरुवार

आज मधली खुली झाली.

शिंप्याचा फोन. दुपारपर्यंत कितीतरी ठिकाणी उतरवून घेतली म्हणाला. तो आनंदात नव्हता. मला कसं आहे विचारलं. मी काय बोललो माहीत नाही. त्याने काका काका अशी हाक मारली आणि मग फोन—

येऊ लागली आहेत. दूरदूरची. वेगळे पिंजरे, वेगळे हातमोजे, कडी तीच. एकेकाला बसवतात, की तो इथे. गर्दी—

मावशीने निरोप पाठवला की प्राणिगृहातली सगळी खिडकीकडे तोंड करून बसली आहेत. आमच्या घराकडे. खात नाहीत.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळ. आतल्या खोलीत आहे. आतून कडी लावली. बायको दुकानात गेली. दार उघडायला सांगू नकोस, काही झालं तरी, असं कागदावर लिहून सरकवलं होतं. बोलता नीट येत नाही. लिहिता येतं अजून. हात—

बदामिका हे नाव मी ठेवलं. चांगलं नाव. बाकीची आठवत नाहीत.

दुपार. ऊन फरशीवर. कोपऱ्यात बसलो की बरं वाटतं. पाठीला भिंत. ती सगळी माझ्यामागे, दाबून, एकमेकांना धरून. तिला काही करू नका म्हणतो. ऐकत नाहीत. ऐकणारा वेगळा आणि सांगणारा वेगळा, असं आता फार नाही—

जिना. तिची पावलं. जेवायला आली. पिशवी ठेवली. थांबली. दाराशी आली आहे.

अहो, उघडा. म्हणते. अहो, मी कुठेही जाणार नाही. एकदा माझ्याकडे बघा.

मागे सगळी गप्प झाली. एकदम.

खरं तेवढंच लिहितो. मला माझी काळजी नाही. होईल ते होवो. काळजी ही आहे की मला दार उघडायचं आहे. फार. आणि तिच्यासाठी उघडायचं आहे की तिला—